स्लाइडमधला काळोख

धामणकर नाक्याच्या परिसरातील एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यात तीन-चार दशकांपूर्वी कोणी रंगीत स्लाइड काढली आणि तीत माग, सूत, कामगाराचा चेहरा असे सारेच काळोखात बुडाले, तर आज आपण तिचा अर्थ कसा लावू? १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडीची जी प्रतिमा बाहेर रुजवली, तिच्याशी हा काळोख सहज जुळतो. घुसमटीचे प्रतीक म्हणून त्यावर चार परिच्छेदही लिहिता येतील. परंतु प्रतीकाकडे वळण्याआधी हा काळोख मुळात कोणाचा, हे तपासले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी कोडाक्रोम १९३६ साली आली. निगेटिव्हवरून छाप काढताना पुष्कळ सावरून घेता येते. स्लाइड मात्र कॅमेऱ्यातून गेलेली मूळ फिल्मच असते. प्रकाश जिथे कमी पडला तिथे तिच्यात रंगद्रव्य अधिक साठते आणि चित्र काळवंडते. त्यातून रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून नव्हे, तर शेजारच्या झरोक्यातून पाहतो. भिंगावर झाकण राहिले तरी त्याला दृश्य उजळच दिसते. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये तर अंगभूत प्रकाशमापकही नव्हता.

मापक असला तरी तो प्रत्येक दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. समोर पांढऱ्या सुताचा ताणा किंवा उजळ खिडकी असली, की तो प्रकाश कमी करायला सांगतो. सूत करडे होते, माणूस काळा पडतो. अनेक जुने मापक १.३५ व्होल्टच्या पारायुक्त बॅटरीवर चालत. ती बाजारातून गेल्यावर १.५ व्होल्टची बॅटरी घातली, की काही मापक आहे त्याहून अधिक प्रकाश दाखवू लागतात. असा दोष सगळ्या रोलभर दिसतो. खिडकीने केलेली फसगत एखाद्या-दुसऱ्या चित्रातच दिसते.

फिल्मच्या कडेला कारखान्यातच उमटवलेले आकडे आणि अक्षरेही पाहावीत. तीही मंद असतील तर धुलाईचा संशय घ्यावा. ती ठळक असून चित्र तेवढे गडद असेल, तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूला शोधावा.

साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत परकी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो अर्थनिरूपणाच्या आधीचा उद्योग होता. लेखनिकाचा प्रमाद कवीच्या माथी मारू नये, हे आपण पोथीबाबत मान्य करतो, छायाचित्राबाबत विसरतो. या सगळ्या तपासण्यांनंतरही काळोख उरला, तर तो कदाचित त्या कारखान्याचा असेल, आणि मग त्यावर अवश्य लिहावे. मात्र बॅटरीमुळे ज्याचा चेहरा गेला, त्या कामगाराला आपण प्रतीक केले, तर त्याचा चेहरा दुसऱ्यांदा पुसला जाईल.