एक भाषा, चार विश्वकोश

युगोस्लाव्हिया फुटल्यानंतरची एक लढाई आपण आज पाहणार आहोत. ही लढाई विकिपीडियाच्या चर्चापानांवर झाली.

जुन्या युगोस्लाव्हियात जिला सर्बो-क्रोएशियन म्हणत, त्या भाषेची १९९१ नंतर क्रोएशियन, सर्बियन, बॉस्नियन अशी वेगळी नावं रूढ झाली. झाग्रेबचा माणूस बेलग्रेडच्या माणसाशी दुभाष्याशिवाय भांडू शकतो, हे काही बदललं नाही. तरी विकिपीडियाच्या चार आवृत्त्या निघाल्या: या तीन, आणि जुन्या नावाची चौथी.

यासेनोव्हात्सचं उदाहरण घेऊ. १९४१ ते १९४५ या काळात उस्ताशा राजवटीने तिथल्या छळछावणीत सर्ब, ज्यू, रोमा आणि विरोधक क्रोएशियनांनाही मारलं. तिथल्या स्मारकाच्या यादीत ८३ हजारांवर नावं आहेत, आणि ती यादी अपुरी आहे. क्रोएशियन विकिपीडियावर मात्र ही छावणी कित्येक वर्षं माणसं गोळा करून कामाला लावण्याची जागा म्हणून रंगवलेली होती.

हे टिकलं कसं? नियम तर इतर आवृत्त्यांसारखेच होते. संदर्भ द्या, चर्चा करा, सहमती घ्या. पण सहमती शेवटी हजर असलेल्यांचीच होते ना! कडव्या उजव्या विचारांच्या मोजक्या प्रचालकांनी तिथे पकड बसवली. विरोध केला की खातं बंद. आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. हाकललेल्यांना शेजारचं दार उघडं होतं. भाषा तीच, फक्त पाटी वेगळी. काही तिकडे गेले, काही इंग्रजीकडे. मागे उरलेल्यांची सहमती आणखी सोपी झाली. २०१३ साली वर्तमानपत्रांनी आवाज उठवला, शिक्षणमंत्र्यांनी मुलांना हा विश्वकोश वापरू नका म्हणून सांगितलं, तरी सत्ता हलली नाही.

याउलट ग्दान्स्क. या शहराला पोलिश नाव द्यायचं की डान्झिग हे जर्मन, यावर इंग्रजी विकिपीडियात दोन्ही बाजू एकाच पानावर अडकल्या होत्या. (बेळगाव की बेळगावी, हे ऐकलेल्यांना जास्त सांगायला नको.) २००५ मध्ये मतदान झालं: १३०८ ते १९४५ डान्झिग, त्याआधी आणि नंतर ग्दान्स्क. यात ना पोलिश बाजूची पुरती जीत झाली, ना जर्मन बाजूची. पण दुसऱ्याला घराबाहेर काढणं कोणालाच शक्य नव्हतं.

क्रोएशियन आवृत्तीतली पकड सुटायला २०२० उजाडावं लागलं. एकाच माणसाची अनेक खाती मतदानात वापरली गेल्याचंही उघड झालं. पुढच्या वर्षी विकिमीडिया फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या अहवालात एकाच भाषेच्या या वाटणीवरही बोट ठेवलं होतं. चारही आवृत्त्या आजही वेगळ्याच आहेत. एकत्र करायच्या म्हटल्या तर आधी भाषेचं नाव ठरवावं लागेल.