रॉक बॅलड आणि इंग्रजीची वाक्यरचना

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार. येथून जंगलात जाणाऱ्या प्रत्येक जिप्सीसोबत स्थानिक गाइड असतो. पर्यटकांमध्ये परदेशी पाहुणे असतात, तसेच मराठी वा हिंदी न समजणारे भारतीयही असतात. मराठी शाळेत शिकलेल्या तरुणाला प्राणी-पक्ष्यांची इंग्रजी नावे सरावाने येतात. अडते ते सलग वाक्य. हे वाक्य जिभेवर बसविण्याचे एक स्वस्त व रंजक साधन म्हणजे रॉक बॅलड.

बॅलडच का?

रॉक बॅलड म्हणजे रॉक संगीतातील संथ, भावप्रधान गीत. एकट्या गिटारने वा पियानोने आरंभ, पुढे ड्रम व इलेक्ट्रिक गिटारची साथ, असा त्याचा परिचित घाट. १९७० व १९८०च्या दशकांत हा प्रकार विशेष लोकप्रिय झाला. गती कमी असल्याने शब्द सुटे ऐकू येतात आणि धृपदातील वाक्य पुन्हापुन्हा कानावर पडते. गाऊन शिकल्याचा लाभ प्रयोगातही दिसला आहे. एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी ६० प्रौढांना अपरिचित हंगेरियन वाक्यांश शिकविले. ते गाऊन म्हणणाऱ्यांनी नुसते बोलून म्हणणाऱ्यांपेक्षा चाचण्यांत सरस कामगिरी केली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

शीर्षकांतील व्याकरण

अनेक गाण्यांची शीर्षकेच व्याकरणाचा पाठ ठरतात. फॉरेनर या गटाचे ‘आय वाँट टु नो व्हॉट लव्ह इज’ (१९८४) पाहा. ‘प्रेम म्हणजे काय?’ आणि ‘प्रेम म्हणजे काय हे जाणून घ्यायचे आहे’ यांत मराठीत शब्दांचा क्रम बदलत नाही. त्यामुळे मराठी भाषक सहजच ‘व्हॉट इज लव्ह’ हा थेट प्रश्नाचा क्रम वाक्यातही ठेवतो. इंग्रजीत अशा वेळी क्रियापद शेवटी जाते. हा साचा एकदा कानात बसला की ‘द लंगूर्स नो व्हेअर द लेपर्ड इज’, म्हणजे बिबट्या कोठे आहे हे वानरांना ठाऊक असते, हे वाक्य बिनचूक येते.

मेटॅलिकाचे ‘नथिंग एल्स मॅटर्स’ (१९९१) दोन नियम शिकविते. ‘नथिंग’ एकवचनी असल्याने क्रियापदाला ‘एस’ लागतो. शिवाय नकार त्या शब्दातच असल्याने वेगळा ‘नॉट’ लागत नाही. मराठीत ‘काहीच’पुढे ‘नाही’ यावेच लागते, म्हणून येथे चूक होते. गवत निश्चल असेल, तर ‘नथिंग इज मूव्हिंग’ एवढे पुरे.

काटेकोर अर्थाने बॅलड नसले, तरी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचे ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ (१९७१) येथे उपयोगी आहे. ‘रेन’च्या जागी ‘अ वाइल्ड टायगर’ घातले की पाहुण्याला विचारावयाचा पहिला प्रश्न तयार होतो. मात्र उत्तरात ‘काल’ आला की काळ बदलतो: ‘आय सॉ अ टायगर येस्टरडे’. मराठीतही ‘पाहिला आहे’ आणि ‘काल पाहिला’ हा भेद आहेच; तो आठवला की नियम परका वाटत नाही.

सावधगिरी

गीतातील सारेच अनुकरणीय नसते. ‘गॉना’, ‘वाना’, ‘एन्ट’ ही बोलीरूपे पाहुण्यांशी बोलताना वा परीक्षेत टाळावीत. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ मधील ‘सॅटिस्फॅक्शन’च्या पूर्ण शीर्षकात दुहेरी नकार आहे, तो बोलीत रूढ असला तरी प्रमाण इंग्रजीत चूक ठरतो. चालीसाठी स्वर ताणले जातात, आघातही सरकतो. म्हणून शब्दाचा उच्चार शब्दकोशातून पडताळावा.

अभ्यासाची रीत

एका आठवड्याला एक गाणे आणि एकच साचा घ्यावा. प्रथम शब्द न पाहता दोन-तीनदा ऐकावे, ऐकू आले तसे लिहावे, मग छापील शब्दांशी ताडून चुका खुणवाव्यात. धृपद सोबत गुणगुणावे. अखेरीस त्याच साच्यात स्वतःच्या परिसरातील दहा वाक्ये रचून चाल सोडून मोठ्याने म्हणावीत. ही शेवटची पायरी गाळल्यास गाणे पाठ होते, भाषा येत नाही.

ताडोबाचे गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर पर्यटनासाठी बंद असते. आठवड्याला एक साचा धरला, तर या काळात बारा साचे सहज होतात. वाघ दिसला तर पाहुण्यांना फारसे काही सांगावे लागत नाही. तो दिसत नाही, त्या दिवशी चितळाची हाक, ओल्या मातीतील पाऊलखुणा आणि वानरांची नजर यांचा अर्थ गाइडनेच उलगडावयाचा असतो. त्याला नुसती नावे पुरत नाहीत, वाक्ये लागतात.