दिढीचे कूळ

चामोर्शीहून मार्कंड्याकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. मृगात पऱ्हे टाकायचे, आषाढात रोवणी, दिवाळीनंतर कापणी, मग पुंजणे आणि चुरणा. इथल्या जुन्या कर्जाची मुदतही या कामांवरच मोजली जाई. किती महिन्यांसाठी घेतले, हा प्रश्न नसे. पऱ्ह्यांच्या वेळी घेतलेले धान चुरण्याच्या वेळी परत करायचे, आणि त्या एका हंगामाचा दर म्हणजे दिढी, एकाचे दीड.

आमच्या आजीची लाकडी पायली अजून घरात आहे. काठाला पितळी पट्टी, बुडाला एक बारीक तडा. ती हातात घेऊन आजी दोन मापे करून दाखवायची. पहिले सावकार देतो ते. धान ओतायचे आणि तळहाताची कड काठावरून फिरवायची, काठावर एक दाणा राहू द्यायचा नाही. दुसरे सावकार घेतो ते. धान ओतत राहायचे, दोन्ही हातांनी सावरत शीग चढवायची, आणखी मूठभर टाकले तर घरंगळेल इतकी. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन. आषाढात चार सपाट पायल्या घरी आणल्या की पुसात सहा शिगेच्या पायल्या मोजून द्यायच्या. शिगेचा हिशेब वहीत कुठेच नसे. मग आजी खाली सांडलेले दाणे एकेक करून वेचायची.

चारच्या पाच म्हणजे सवाई, चारच्या सहा म्हणजे दिढी. पेरायला घेतले ते बी, पोटाला घेतले ती खावटी. शेजारणीकडून घेतले आणि जितके तितकेच फेडले ते उसने. आपल्या भाषेने ही नाती किती नेमकी वेगळी ठेवली आहेत, याचे मला फार अप्रूप वाटते. ‘उसने’ला व्याज चिकटत नाही.

शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामजी अनंत याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्या रयतेला बैल नाहीत तिला बैलांसाठी पैका द्यावा, पोटाला दाणे नाहीत तिला खंडी-दोन खंडी धान्य द्यावे आणि फेड घेताना वाढीदिढी न करता नुसते मुद्दल, तेही तिला ताकद येईल तसतसे हळूहळू घ्यावे, अशी त्यात ताकीद आहे. सुभेदाराला हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत. वाढीदिढी तेव्हाच घरोघरी माहीत होती.

तिचे कूळ याहून कितीतरी मागे जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ऋणादानाचा एक अध्याय आहे. शंभर पणांना महिना सव्वा पण हे धर्माचे व्याज, व्यापाऱ्यांत पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. जितका धोका, तितका दर. त्यातच धान्याचा नियम वेगळा काढला आहे: पीक हाती आल्यावर धान्याची वाढ निम्म्यापर्यंत. म्हणजे आपली दिढीच. फरक इतकाच की तिथे ती वरची मर्यादा आहे आणि आमच्या खळ्यावर तोच रिवाज झाला. पाणिनीने तर दहा देऊन अकरा घेणाऱ्यासाठी रूप साधले ते निंद्य देणाऱ्याच्या सूत्राखाली. दहाचे अकरा निंद्य, मग चारच्या सहा कशात बसवायचे?

शब्दांनीही या धंद्याची साक्ष ठेवली आहे. ‘साधू’चा ‘साहू’ झाला, ‘साहू’चा ‘साव’, आणि ‘साधुकारा’चा सावकार. चोर आणि साव या जोडीतला साव तो हाच. ‘व्याज’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ मात्र बहाणा, कपट. निर्व्याज मन म्हणताना आपण तोच अर्थ वापरतो. संस्कृतात कर्जावरच्या वाढीला वृद्धी म्हणत. मराठीने वृद्धी बाजूला ठेवून कपटाचा शब्द उचलला, आणि मला तो नुसता योगायोग वाटत नाही. कुळाचेही तसेच. आधी घराणे, मग जमीन कसणारा, आणि सावकाराच्या तोंडी थेट ऋणको. एक कूळ बुडाले असे तो म्हणे, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वहीतली एक ओळ असे.

पण दिढीवर सगळा राग काढला तर खरी गोम हातून निसटते. धान्य आषाढात महाग आणि पुसात स्वस्त असते. आषाढात पायली तीन रुपये आणि पुसात दोन रुपये धरा. चार पायल्या म्हणजे बारा रुपयांचे धान घेतले, पुसात सहा पायल्या दिल्या, त्यांची किंमतही बाराच. धानाला धान फेडले तर हंगामाचा उतार दिढी गिळून टाकतो. घर तेव्हा बसते, जेव्हा सावकार आषाढात चार पायल्या मापून देतो आणि वहीत बारा रुपये लिहितो. वर सवाई धरून झाले पंधरा. पुसात कुळाकडे रोकड नसते, तेव्हा पंधरा रुपयांचे धान पुसाच्या भावाने घेतले जाते, साडेसात पायल्या. धानाचा रुपया आणि रुपयाचे पुन्हा धान, या दोन उड्यांत दीड पायली जास्त गेली, आणि शीग वेगळीच. अर्थशास्त्रातही निम्म्यापुढची वाढ मूल्यात धरावी असे आहे. गाठ तिथेच पडते.

हे फार पूर्वीच ओळखले गेले होते. हम्मुराबी हा बाबिलोनचा राजा इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला. त्याच्या शिलालेखात धान्यावर तिसरा हिस्सा आणि चांदीवर पाचवा हिस्सा व्याज ठरवले आहे. चांदी नसेल तर ऋणको धान्य देईल, पण राजाने ठरवलेल्या भावाने, असेही त्यात आहे. आणि पूर आला किंवा पाण्यावाचून पीक गेले तर त्या वर्षी व्याज नाही. वैनगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला हे कलम वाचून गहिवरून येईल. मला आले.

आमच्याकडे रोकडीची सक्ती झाली ती इंग्रजांच्या जमाबंदीने. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, पुढे चांदा जिल्ह्यात मालगुजारी बसली. सारा नाण्यांत भरायचा, आणि तो चुरण्याच्या तोंडावर, भाव पडलेला असताना. गावात तलाव मालगुजाराचा, अनेकदा धानाची कोठीही त्याचीच. रुपया उभा करायला कूळ जिथे जाई तिथेच त्याचे बीही अडकलेले असे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. तलाव उरले, त्यांना आपण अजून मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारी.

कायद्याने दिढीला आपल्या परीने आवर घातला. १९४६ च्या सावकारी कायद्यात कर्ज म्हणजे व्याजाने दिलेला पैसा, तसेच वस्तूही, असे धरले होते, म्हणजे पायलीसुद्धा त्यात आली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. हे जुने दामदुप्पट, मनुस्मृतीतही आहे. सावकारीत बळकावलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक काढू शकतो. आणि ‘खावटी’ हा खळ्यावरचा शब्द सरकारी कागदात गेला. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यापुरते कर्ज देणारी खावटी योजना १९७८ पासून चालली. २०२० मध्ये ती अनुदान झाली, चार हजार रुपये, निम्मे रोख आणि निम्मे धान्य-किराणा. या शब्दाला चिकटलेली फेड पहिल्यांदाच गळून पडली.

आजीने सावकाराचे धान फेडून झाल्यावर पुढे कधी आणले नाही. आमच्याकडून मात्र शेजारच्या बायका पऱ्ह्यांच्या दिवसांत पायली-दोन पायली नेत. पुसात त्या टोपले घेऊन यायच्या आणि सवयीने शीग चढवायच्या. आजी हाताची कड काठावरून फिरवायची आणि वरचे धान त्यांच्याच टोपल्यात पाडायची.