रात्री ट्रक कुठे लावायचा? स्फोटकांच्या वाहतुकीतल्या एका साध्या प्रश्नाचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा. प्रश्न असा आहे: स्फोटकं कारखान्यात बनतात, तिथे त्यांच्यासाठी जाड भिंतींची, वस्तीपासून लांब अशी कोठारं असतात. ती खाणीवर पोचतात, तिथेही कोठार असतं. पण मधल्या आठशे-हजार किलोमीटरचं काय? ड्रायव्हर माणूस आहे. तो जेवणार, दमणार, झोपणार. तेवढा वेळ तो ट्रक म्हणजेच कोठार असतं, फक्त त्याला भिंती नसतात.

हा प्रश्न किती महागात पडतो ते अमेरिकेतल्या रोझबर्गने पाहिलं. ओरेगन राज्यातलं हे लाकडाच्या धंद्यावर चालणारं छोटं शहर. ६ ऑगस्ट १९५९ च्या संध्याकाळी तिथे एक ट्रक आला. त्यात सुमारे दोन टन डायनामाइट आणि साडेचार टन अमोनियम नायट्रेटवर आधारलेलं स्फोटक होतं. माल सकाळी पोचवायचा होता. ड्रायव्हरने शहराच्या मध्यभागी, बांधकाम साहित्याच्या एका दुकानाशेजारी ट्रक लावला आणि तो जवळच्या हॉटेलात झोपायला गेला. मध्यरात्रीनंतर दुकानाला आग लागली. अग्निशमन दलाची माणसं आली, आग विझवायला लागली. साधारण सव्वाच्या सुमाराला ट्रक उडाला. १४ माणसं गेली, सव्वाशेच्या आसपास जखमी झाली, रस्त्यात सुमारे ५० फूट रुंद खड्डा पडला, आणि शहराच्या मध्यवस्तीतले कितीतरी ब्लॉक मोडून पडले. ड्रायव्हर वाचला.

आता यात मला सगळ्यात जास्त काय टोचतं सांगू? यात खलनायक कुणीच नाही. दमलेला माणूस गाडी लावून झोपायला गेला. आपल्याकडे रोज रात्री हजारो ड्रायव्हर हेच करतात. म्हणजे चूक एका माणसाच्या स्वभावात शोधून भागत नाही. व्यवस्थेने त्याला झोपायला दुसरी कुठली जागा दिली होती, हे विचारावं लागतं.

त्या काळी नियम नव्हते असं नाही. पण नियमांची भाषा बघा. इंटरस्टेट कॉमर्स कमिशनचा एक नियम होता की स्फोटकं किंवा ज्वलनशील माल नेणाऱ्यांनी गर्दीचे रस्ते, बोगदे वगैरे ‘शक्य असेल तितके’ टाळावेत. मी सॉफ्टवेअरमधला माणूस आहे. रिक्वायरमेंटमध्ये ‘शक्य असेल तितकं’ असं दिसलं की आमच्याकडे लगेच भांडणं सुरू होतात, कारण ते प्रत्येकाला वेगळं दिसतं. इथे भांडण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं. न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्यात कार्बन डायसल्फाइड नेणारा ट्रक पेटला, साठेक लोक जखमी झाले. कंपनीचं म्हणणं होतं, हा नियम इतका मोघम आहे की तो मोडला म्हणून शिक्षाच करता येणार नाही. १९५२ मध्ये कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी नियम टिकवला. पण सोबत सांगितलं की, दुसरा सुरक्षित आणि धंद्याच्या दृष्टीने परवडणारा रस्ता होता आणि कंपनीने जाणूनबुजून तो सोडला, हे सरकारला सिद्ध करावं लागेल. म्हणजे नियम वाचला, मोघमपणाही वाचला.

आता आजचा अमेरिकन संघराज्याचा नियम बघा. त्याचा गाभा १९७१ पासूनचा आहे. भाषा एकदम बदललेली. सगळ्यात घातक वर्गातली स्फोटकं असतील तर गाडीवर सतत कुणीतरी लक्ष ठेवलं पाहिजे. आणि ‘लक्ष ठेवणं’ म्हणजे काय? तो माणूस गाडीत असला पाहिजे, जागा असला पाहिजे आणि मागच्या झोपायच्या बर्थवर नसला पाहिजे. नाहीतर गाडीपासून १०० फुटांच्या आत असला पाहिजे आणि मध्ये काही आड न येता गाडी त्याला दिसली पाहिजे. ‘जागा असला पाहिजे’ हे कायद्यात लिहावं लागलंय! पुढे उभं राहण्याचे नियम: वाहत्या रस्त्याच्या ५ फुटांच्या आत नाही. खाजगी जागेत मालकाला आत काय आहे ते सांगून, त्याच्या संमतीशिवाय नाही. पूल, बोगदा, घर, किंवा माणसं काम करतात वा जमतात अशा जागेपासून ३०० फुटांच्या आत नाही. अगदीच गरज पडली तर थोडा वेळ, बस. हे वाचताना रोझबर्गची ती रात्र एकेक वाक्याने पुसत जातेय असं वाटतं.

पण इथे एक पेच उरतोच. दुसरा नियम सांगतो की ड्रायव्हरने ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, मग सलग १० तास सुटी. हा म्हणतो विश्रांती घे, तो म्हणतो जागा राहा. एकटा ड्रायव्हर दोन्ही कसे पाळणार? अर्ध्या तासाच्या सक्तीच्या विश्रांतीबाबत तर असा तोडगा काढलाय की गाडीवर लक्ष ठेवण्यात घालवलेला वेळच विश्रांती म्हणून धरायचा! रात्रीच्या झोपेला मात्र असा कागदी उपाय चालत नाही. मग एक तर दोन ड्रायव्हर ठेवा, किंवा माल पाठवणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या वा वाहतूक कंपनीच्या आवारात, माहिती असलेल्या माणसाच्या नजरेखाली गाडी लावा, नाहीतर ‘सेफ हेवन’ गाठा. सेफ हेवन म्हणजे सरकारने लेखी मान्यता दिलेला तळ. तिथे गाडी सोडून झोपायला जाता येतं.

गंमत म्हणजे, ही मान्यता स्थानिक, राज्य किंवा केंद्र सरकार कुणीही द्यायचं, आणि तळ कसा असावा याचं देशभर एकच माप नव्हतं. २०११ मध्ये केंद्राच्या वाहतूक खात्याने एनएफपीए ४९८ हे मानक नियमात घेतलं: त्यात बसणारा तळ हा मान्यताप्राप्त सेफ हेवन. अंतर, सुकं गवत साफ ठेवणं, फाटक, पाटी, राखण, असल्या साध्या गोष्टी. रोझबर्गनंतर ५२ वर्षांनी!

आपण मुंबईकरांनी यावर हसायला नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये जे झालं तेही ‘मधल्या मुक्कामाचंच’ प्रकरण. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि कराचीत वर कापसाच्या गाठी चढवल्या होत्या. असा माल बाहेर समुद्रात लहान होड्यांवर उतरवायची शांततेच्या काळातली पद्धत युद्धाच्या घाईत बाजूला ठेवलेली. धोक्याचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. दोन दिवस ते शहराला चिकटून उभं राहिलं, मग आग लागली आणि दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, त्यात ६६ अग्निशमन जवान. म्हणूनच आपण १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो. दोन्हीकडे आग विझवायला गेलेलेच सगळ्यात पुढे होते.

मी नागपूरचा. अमरावती रोडवर बाजारगावच्या बाजूला स्फोटकांचे कारखाने आहेत, आणि देशभरचे परवाने बघणाऱ्या पेसोचं मुख्यालयही नागपुरातच. आपल्याकडे १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम आहेत. स्फोटकं नेणाऱ्या व्हॅनला वेगळा परवाना लागतो. त्या व्हॅन आम्ही लहानपणापासून बघतो, ओव्हरटेक करतो आणि विसरतो. विदर्भातल्या कोळशापासून समृद्धीसारख्या रस्त्यांच्या बोगद्यांपर्यंत डोंगर फोडायला स्फोटकं लागतातच, तेव्हा या गाड्या थांबणार नाहीत.

या सगळ्यातून मला एवढं कळलं: ‘काळजी घ्या’ हा नियम नसतो. किती फूट, कुणाच्या नजरेत, जागा की झोपलेला, हे लिहिलं की नियम होतो. आणि नुसतं लिहूनही भागत नाही. माणसाला झोप लागणारच हे धरून रस्त्यावर एक कुंपण घातलेली, राखणीची जागा बांधून ठेवावी लागते. ती नसेल तर सगळा नियम एका दमलेल्या ड्रायव्हरच्या पापण्यांवर उभा राहतो, आणि ट्रक कुठल्यातरी दुकानाशेजारी.

तुमच्या ओळखीत कुणी हा माल वाहणारे ड्रायव्हर असतील तर त्यांना एकदा विचारा, रात्री गाडी कुठे लावता. मला ऐकायला आवडेल. भेटू पुढच्या भागात.