न पडलेल्या पावसाचे गणित

वरच्या नर्मदाखोऱ्याला १९२६ साली महापुराने झोडपले. पुढे जबलपूरच्या वरच्या अंगास बरगीचे धरण बांधले गेले. ते १९९० साली पुरे झाले. त्याच्या सांडव्याला २१ दरवाजे आहेत. सांडवा केवढा असावा, या प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न असतो : आजवर पडला नाही, असा जास्तीत जास्त पाऊस किती पडू शकेल? अंदाज तोकडा ठरला तर ग्वारीघाटापासून भेडाघाटापर्यंतचे तीर संकटात येतात. तो अवास्तव फुगवला तर खर्चाच्या भाराने योजनाच बुडते.

हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी पद्धतशीर जमू लागल्या. त्या नोंदींवरून टोकाच्या घटनांची संभाव्यता काढण्याचे शास्त्र एमिल गुंबेल यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात सांगोपांग मांडले. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे शतकातून एकदाच येणारा पूर नव्हे. दरवर्षी शंभरात एक एवढी त्याची शक्यता असते. म्हणून ५० वर्षांत तो निदान एकदा येण्याचा संभव शेकडा सुमारे ३९ भरतो. अमेरिकेत हर्शफील्ड यांनी १९६१ साली संभाव्य कमाल पर्जन्य काढण्याची सांख्यिकीय रीत दिली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९८९ मध्ये या कमाल पर्जन्याचे नकाशेच प्रसिद्ध केले.

आता हे काम संगणकाच्या यंत्रशिक्षणाकडे येत आहे. पर्जन्यमापक, उपग्रह, वारे, आर्द्रता यांच्या असंख्य आकड्यांतील गुंतागुंतीचे संबंध ते झपाट्याने हुडकते. परंतु ते शिकते जुन्याच नोंदींतून. त्याच्या काही पद्धती तर शिकवणीतील सर्वांत मोठ्या आकड्यापलीकडे जाऊच शकत नाहीत. धरणाला मात्र नेमका त्या पलीकडचाच पाऊस सोसायचा असतो.

शिवाय शंभर-सव्वाशे वर्षांच्या नोंदी नदीच्या आयुष्यात अल्पच. जबलपूरच्या बऱ्याच खाली, पुनासाच्या घळईत, पुराने कपारींत टाकलेल्या गाळाचे थर पुण्याचे विश्वास काळे यांच्यासह काही संशोधकांनी तपासले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे १७०० वर्षांचे पूर वाचता आले. मोठे पूर कालक्रमात सारख्या अंतराने येत नाहीत, असे त्यातून दिसले. काही शतकांत ते दाटीने येतात, काही शतके शांत जातात. शांत काळातल्या नोंदींवर बेतलेले गणित, मग ते माणसाचे असो वा यंत्राचे, तीरावरच्या लोकांना खोटा धीर देते.

म्हणून नव्या यंत्राइतकीच जुनी नोंदवही आणि जुना गाळही जपला पाहिजे. नदीचा जेवढा इतिहास हाती असेल, तेवढेच भविष्य गणिताला सांगता येते.