शिरगणतीच्या कागदावर आपला समाज

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तीत धम्मावर आणि बाबासाहेबांच्या चरित्रावर लेख येतात, ते यायलाच पाहिजेत. आम्ही मात्र जरा रुक्ष विषय घेतला आहे. तो म्हणजे जनगणना. जुनी माणसं तिला शिरगणती म्हणत. आम्ही गिरणीत पाळ्या करून फावल्या वेळात वाचणारे कामगार, विद्वान नव्हे. पण आपला समाज किती, कुठे आणि कसा आहे हे सरकारदरबारी ज्या कागदावरून ठरतं, तो कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

इंग्रजांनी १८७२ साली पहिली शिरगणती केली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी होऊ लागली. १९३१ पर्यंत प्रत्येक जातीची मोजणी होत असे. स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ साली झाली. तीत देशभरात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसं सुमारे १ लाख ८१ हजार होती. काश्मीरात त्या वर्षी मोजणी झाली नाही, म्हणून लडाखचे बौद्ध त्यात नाहीत. आजच्या महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध होते जेमतेम अडीच हजार!

आता पुढचा आकडा पाहा. १९६१ साली महाराष्ट्रात बौद्धांची संख्या २७ लाख ८९ हजारांवर गेली आणि देशात साडेबत्तीस लाखांवर. दहा वर्षांत एवढी वाढ जन्माने होत नसते. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस येऊन गेला होता. नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. पण दीक्षाभूमीवर हात जोडणं वेगळं आणि गावात परत येऊन मोजणीला आलेल्या मास्तरांसमोर ‘लिहा, बौद्ध’ असं तोंडाने सांगणं वेगळं. ज्यांची भाकरी गावाच्या हातात होती, त्यांनी हे सांगितलं. २७ लाखांच्या आकड्यात असं एकेक घर आहे, बंधू-भगिनींनो!

याची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू असेल तोच अनुसूचित जातीचा धरला जाई. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. माणूस तोच, वस्ती तीच, पाणवठ्यावरची वागणूकही तीच. पण धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र सरकारने १९६० पासून राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडलं. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात बौद्धांचा समावेश झाला. धर्मांतरानंतर ३४ वर्षांनी!

त्याचा परिणाम जनगणनेत लगेच दिसतो. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जाती शेकडा ७.१४ होत्या, १९९१ साली त्या शेकडा ११.०९ झाल्या. संख्या ४४ लाख ८० हजारांवरून ८७ लाख ५८ हजारांवर गेली. दहा वर्षांत एवढी लेकरं जन्माला आली काय? नाही. जी माणसं होतीच, त्यांना कायद्याने कागदावर जागा दिली. राखीव जागा याच आकड्यांवर ठरतात, म्हणून हा नुसता हिशोब नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राज्यात बौद्धांचं प्रमाण १९६१ साली शेकडा ७.०५ होतं. १९७१ ला ६.४८, १९८१ ला ६.२९, १९९१ ला थोडं वाढून ६.३९, २००१ ला ६.०३ आणि २०११ ला ५.८१. संख्या ६५ लाख ३१ हजार झाली, पण वाटा घटला. याचं एक कारण चांगलं आहे. आपल्या घरात शिक्षण आलं, कुटुंब लहान झालं. २०११ साली देशातल्या बौद्धांत साक्षरता शेकडा ८१ होती, सर्व देशाची ७३. आपल्या स्त्रियांची ७४, देशातल्या स्त्रियांची ६५ च्या आत. हजार पुरुषांमागे आपल्यात ९६५ स्त्रिया, देशात ९४३. सावित्रीमाई आणि बाबासाहेबांच्या लेकींनी कमावलेले हे आकडे आहेत. दुसरं कारण मात्र आपल्या निष्काळजीपणाचं. घरात बुद्धवंदना, भिंतीवर बाबासाहेब आणि दाखल्यावर ‘हिंदू’. मोजणीवाला तेच लिहितो, आपण मान हलवतो.

बारामती-इंदापूरकडे पाहा. नीरेच्या डाव्या कालव्याने ऊस आला. वालचंदनगर, भवानीनगर, माळेगावचे साखर कारखाने उभे राहिले. ज्यांची जमीन कालव्याखाली होती त्यांचं भलं झालं. आपली बरीच माणसं मुंबईच्या गिरण्यांत, पुण्यात, पिंपरी-चिंचवडला गेली. माणूस राहतो तिथे मोजला जातो. म्हणून देशातल्या शंभर बौद्धांपैकी ४३ शहरात दिसतात. उलट ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबं आपल्या शिवारात कोप्या टाकून असतात, त्यांतही आपली माणसं आहेत.

२०२१ ची जनगणना करोनामुळे राहिली. जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे, आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जाती मोजायचं ठरलं आहे. तो दिवस ऊसतोडीच्या हंगामातच येतो; कोप्यांतल्या माणसांची नोंद होते की नाही हे तरुणांनी जाऊन पाहावं.

रकाने दोन आहेत. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’, दुसरं काही नाही. जातीच्या रकान्यात अनुसूचित यादीतलं नाव. टाकून दिलेलं नाव पुन्हा उच्चारताना जीभ जड होते, हे आम्हाला कळतं. पण कायदा यादी बघतो. तिथे नुसतं ‘बौद्ध’ लिहिलं तर मुलाबाळांचा हक्क कागदावरून निसटतो. धर्म आपण स्वीकारला आहे आणि जात आपल्यावर लादली होती. पहिला रकाना पहिलं सांगतो, दुसरा दुसरं. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहा. आणि लिहिलेलं वाचून पाहिल्याशिवाय मास्तरांना उंबऱ्यावरून जाऊ देऊ नका.

जय भीम! नमो बुद्धाय!