गिळा, आप्पा

चमचा तुमच्या हातात आहे. चमच्यात पाणी आहे, पण ते सांडत नाही. पावडर घालून त्याला मधाइतकं दाट केलंय. पातळ पाणी फार चपळ असतं आणि आप्पांचा घसा आता तेवढा चपळ राहिलेला नाही. अर्धांगाच्या झटक्याला आज अकरा दिवस झाले. नाकातली नळी काल काढली. पुण्यातली दुपार, तीन वाजलेत. सिस्टर आप्पांच्या हनुवटीखाली टॉवेल खोचते, वाकते आणि मायेने म्हणते, "बाबा, स्वॉलो करा. हं, स्वॉलो."

बोलणारी मराठी, ऐकणारा मराठी आणि मधे हा इंग्रजी शब्द. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. "गिळा" तिच्या तोंडातून निघत नाही. तुमच्याही निघत नाही. आपल्या घरांत गिळणं हा शब्द जेवणापेक्षा रागाच्या कामी जास्त येतो. ताट निवून गेलं की आई ओरडायची, "या आता गिळायला!" अजगर बोकड गिळतो, धरण गाव गिळतं, बिल्डर टेकडी गिळंकृत करतो. माणूस राग गिळतो, अपमान गिळतो, आवंढा गिळतो, नाहीतर मूग गिळून गप्प बसतो. आप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. त्यांच्यासमोर ऱ्हस्व-दीर्घ चुकवायची कोणाची छाती नव्हती. त्या माणसाला "गिळा" कसं म्हणायचं?

"स्वॉलो" कसा मऊ वाटतो. पण तो पहिल्यापासून मऊ होता का?

चमचा वाटीत ठेवा. आप्पांना जरा दम खाऊ द्या. तेवढ्यात त्या शब्दाच्याच घशात उतरू या. वरून खाली, आजपासून मागे.

डिसेंबर १८९६, बॉस्टन. तुम्ही हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातल्या एका काळोख्या खोलीत उभे आहात. ठिणग्यांचा तडतडाट ऐकू येतोय. समोरच्या पडद्यावर हिरवट उजेड आहे आणि त्यात लांब मानेची एक सावली, कलहंसाची. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालंय. पंचवीस वर्षांचा, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन त्या पक्ष्याला बिस्मथची पूड मिसळलेला घास भरवतो. किरण बिस्मथपाशी अडतात, म्हणून घास काळा दिसतो. तो काळा ठिपका मान उतरू लागतो. सावकाश, एकाच चालीने, मागून कोणी बोटाने ढकलत असावं तसा. तुम्ही नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावता. जन्मापासून प्रत्येक जीव हे करत आलाय, पण जिवंत गळ्याच्या आत घास कसा उतरतो हे असं सलग पाहणारी माणसं आजवर बोटांवर मोजण्याइतकीच.

पुढे बिस्मथची जागा बेरियमने घेतली. आप्पांच्या फायलीत परवाचा कागद आहे ना, "बेरियम स्वॉलो" लिहिलेला, त्याचं मूळ या काळोख्या खोलीत आहे. इथे हा शब्द तपासणीच्या कागदावरचं एक नाव झालाय. त्याला दात नाहीत, भूक नाही. सिस्टरच्या तोंडी तो एवढा गुळगुळीत झालाय तो याच वाटेने.

आणखी एक वर्ष मागे या. १ ऑगस्ट १८९५, यॉर्कशायर, इंगलबरो डोंगराची कूस. माळावरून फेल बेक नावाचा ओढा खळखळत येतो आणि तुमच्या पायापुढे अचानक संपतो. गवतात एक तोंड उघडं आहे, ओढा त्यात जातो. गेपिंग गिल म्हणतात त्याला. आत सुमारे ९८ मीटरचा सरळ कडा आहे. फ्रान्सहून आलेला एदुआर-आल्फ्रेद मार्तेल दोरांच्या शिडीने खाली उतरतोय. तळापर्यंत पोचणारा तो पहिला माणूस. तुम्ही काठावर पालथे पडून ऐकता. वर येतो तो फक्त गार वारा आणि पाण्याचा आवाज. पावसाचं किंचित आंबट पाणी चुनखडी विरघळवत जातं, फटी रुंदावतात आणि एक दिवस जमीन ओढा पिऊन टाकते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात हे होत नाही. इंग्रज अशा विवराला "स्वॉलो होल" म्हणतात. जुन्या नॉर्स भाषेत याच कुळातला "स्वेल्गर" हा शब्द भोवऱ्याला होता, जहाजं ओढून नेणाऱ्या पाण्याला. बॉस्टनच्या खोलीत जे तोंड मिटलेलं होतं, ते इथे उघडं दिसतं.

मुंबईत क्षणभर थांबू. १८४७. मोल्सवर्थने हाती घेतलेला आणि थॉमस कँडीने तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश छापून बाहेर पडतोय. "स्वॉलो" आणि "गिळणें" इथे समोरासमोर येतात, सोयरिकीला बसवल्यासारखे. पण रक्ताचं नातं नाही. आपलं गिळणं संस्कृतातल्या "गिलति", "गिरति" यांच्या घरचं. त्याचं सख्खं चुलत भावंड लॅटिनमधलं "व्होरारे", आणि त्याच्यापासून इंग्रजीत आलेलं "डिव्हाउर", म्हणजे फाडून खाणं, फस्त करणं. मांसाहारी प्राण्याला इंग्रज "कार्निव्होर" म्हणतात, त्याच्या शेपटातही आपला गिळणाराच बसलाय. म्हणजे आपल्या शब्दाचे दात उगाच आलेले नाहीत, घराण्यातच आहेत. मग पलीकडच्याचे कुठे गेले? ते बघायला आगीत जावं लागेल.

२३ ऑक्टोबर १७३१ची मध्यरात्र टळून गेलीय. लंडन, वेस्टमिन्स्टर. अ‍ॅशबर्नम हाउस पेटलंय. सर रॉबर्ट कॉटन यांनी जमवलेली हस्तलिखितं आत आहेत. अंगणात माणसं धावतायत, खिडक्यांतून पोथ्या भिरकावल्या जातायत. चामड्याचं बाड धपकन तुमच्या पायाशी पडतं. ग्रंथपाल डॉ. बेंटली झोपायच्या कपड्यांत बायबलची एक प्राचीन ग्रीक प्रत काखेत धरून बाहेर येताना दिसतात. चर्मपत्र जळताना वास कागदासारखा येत नाही, कातड्यासारखा येतो.

त्या ढिगात एक जाडसर पोथी आहे, कडा करपलेली. जगात तिची दुसरी प्रत नाही. ती उचला, जपून. कडा हातात चुरतायत. हा "बेओवुल्फ". साधारण हजाराव्या वर्षाच्या आगेमागे दोन लेखनिकांनी उतरवलेला. आत ती रात्र आहे, जेव्हा ग्रेंडेल नावाचा राक्षस दरबाराच्या दिवाणखान्यात शिरतो आणि झोपेतल्या पहिल्या योद्ध्याला धरतो. सांधे चावतो, रक्त पितो आणि मोठमोठ्या लचक्यांनी त्याला हातापायांसकट पोटात घालतो. त्या लचक्यांसाठी कवीने जे क्रियापद वापरलं, तेच तुमच्या सिस्टरचं. तेव्हा ते "स्वेल्गन" होतं आणि भूतकाळात "स्वेआल्ग".

पोथीची शेवटची पानं उलटा, तिथे म्हातारा राजा चितेवर आहे. एक बाई विलाप करतेय. चितेचा धूर वर जातो आणि दिसेनासा होतो. आणि तिथेही कवी तेच क्रियापद काढतो, या वेळी आभाळासाठी. राक्षसाला एकदा, आभाळाला एकदा. या दोन जागा शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा कुठे मला हा शब्द कळला. त्याला गळा लागतच नव्हता. जे आत घेतं आणि परत देत नाही, ते सगळं त्याचं. वर बघा. अ‍ॅशबर्नम हाउसचा धूर वेस्टमिन्स्टरच्या छपरांवरून वर चाललाय.

करपलेल्या कडा पुढे वर्षानुवर्षं झडत राहिल्या. अक्षरं गेली. पन्नासएक वर्षांनी थोर्केलिन नावाच्या आइसलँडच्या अभ्यासकाने नकला करून घेतल्या, म्हणून आज गळालेली कित्येक अक्षरं तरी ठाऊक आहेत.

२१ सप्टेंबर १५९९ची दुपार घाईने ओलांडू. थेम्सकाठचं गवती छपराचं नाट्यगृह. थॉमस प्लाटर नावाचा स्विस प्रवासी इथेच कुठेतरी बसलाय. जूलियस सीझरचं नाटक पाहिल्याची नोंद तो करणार आहे. तुम्ही पेनी देऊन उभ्याने बघणाऱ्यांत आहात. ब्रूटस आपल्या बायकोच्या मरणाची बातमी सांगतो: पोर्शियाने विस्तव गिळला. शेक्सपियरने तिथे हाच शब्द ठेवलाय. बातमी देणाऱ्याचा आवाज चढत नाही, म्हणून ती जास्त भाजते. याच दशकात लंडनमध्ये या शब्दाला नवं काम लागलंय. कोणी सांगितलेली थाप न तपासता खरी मानणं, हेही आता स्वॉलो करणंच. आपण "गळी उतरवणं" म्हणतो ते उतरवणाऱ्याच्या बाजूने. इंग्रजांनी ते ऐकणाऱ्याच्या घशावर टाकलं.

इथून खालच्या शतकांत थांबू नका, कान तेवढे उघडे ठेवा. बाजारात, चर्चमध्ये, शेतात लोक एक अक्षर हळूहळू चावून मऊ करतायत. "ल"च्या मागचा घशातला "ग" आधी घासतो, मग ओठांवर येऊन "व" होतो. "फोल्गियन"चं "फॉलो" होतं, फाशीच्या खांबाच्या "गेआल्गा"चं "गॅलोज", "स्वेल्गन"चं "स्वॉलो". आतला स्वर बदलून भूतकाळ करायची जुनी चालही सुटते आणि साधं "स्वॉलोड" उरतं. म्हणजे मऊपणा असा आला. गिळण्याच्या शब्दाने आपला ग गिळला. आणि तसा झाल्यावर तो वळचणीला घरटं करणाऱ्या भिंगरीच्या नावासारखा ऐकू येऊ लागला. तिचं जुनं नाव "स्वेआल्वे". कुळ निराळं, आज उच्चार एक.

आता तळ. दहाव्या शतकाचा उत्तरार्ध, इंग्लंड. एक लेखनिक चर्मपत्रावर कोडी उतरवतोय. अक्षर एकसारखं, टपोरं. आप्पांना आवडलं असतं. हा ग्रंथ पुढे बिशप लिओफ्रिक यांच्याकडून एक्झिटरच्या कॅथीड्रलला मिळेल. ते १०७२मध्ये वारले. त्यांच्या दानाच्या यादीत त्याची नोंद कवितांचा मोठा इंग्रजी ग्रंथ अशी आहे. नंतर कोणी त्याच्या पहिल्या पानावर सुरीने काहीतरी कापेल, भांडं टेकवून वर्तुळाचा डाग पाडेल, आणि जळतं काहीतरी पडून शेवटच्या पानांना भोकं पडतील. आज सगळं कोरं, करकरीत आहे.

लेखनिकाच्या खांद्यावरून वाचा. सहाच ओळींचं कोडं आहे, उत्तर पहिल्याच शब्दात सांगून टाकलेलं: कसर. एका किड्याने शब्द खाल्ले. कवीला हे विपरीत वाटतं, अंधारात चोरून एका माणसाचं थोर वचन आणि त्याचा भक्कम आधार एक जंतू फस्त करतो. सुरुवातीच्या खाण्याला त्याने जनावराच्या खाण्याचं क्रियापद घातलंय. आणि शेवटी सांगतो, की एवढे शब्द पोटात जाऊनही चोर तसूभर शहाणा झाला नाही. तिथे, अगदी शेवटचा शब्द म्हणून, तो लिहितो: स्वेआल्ग.

लेखनिक टाक उचलतो. शाई अजून ओली आहे, ग स्पष्ट दिसतो.

आप्पांनी हजारो पानं वाचली. तुम्ही लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून पाहिलंय, ते प्रूफ वाचताना ओठ हलायचे आणि प्रत्येक परिच्छेदाला घाटी वर-खाली व्हायची, जणू मजकूर घोट घोट आत घेतायत. त्यांच्या आत तो कुठे गेला आणि आता किती शिल्लक आहे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

चला वर. आग, कोश, विवर, काळोखी खोली मागे टाकत वर.

चार वाजलेत. स्पीच थेरपिस्ट आलीय, पंचविशीची मुलगी. तुम्ही चमचा उचलता आणि म्हणता, "आप्पा, घोट घ्या."

ती तुम्हाला अडवते. "घोट घ्या म्हणू नका. ते घोट घेतात आणि तोंडातच धरून ठेवतात, बघा." खरंच, गालाच्या उजव्या बाजूला मघाचं पाणी तसंच आहे. "काय करायचंय ते नेमकं सांगा. आणि स्वॉलो म्हणून त्यांना पटकन कळत नाहीये."

ती आप्पांची हनुवटी छातीकडे झुकवते. तुमची दोन बोटं त्यांच्या घाटीवर ठेवते. कातडी गरम आहे, दाढीचे पांढरे खुंट टोचतात.

"गिळा, आप्पा."

ते तुमच्याकडे बघतात. बोटांखाली काहीच होत नाही. मग घाटी वर सरकते, अडखळते, वर जाते, आणि खाली येते.

"आता आ म्हणा, काका," मुलगी म्हणते. पाणी वाट चुकून श्वासनळीपाशी साचलं असेल तर आवाज ओला येतो, बुडबुड्यांसारखा.

आप्पा तोंड उघडतात. "आ."

आवाज कोरडा आहे. तुम्ही दुसरा चमचा भरता.